माळ्यावरच्या रेकॉर्डी की मोबाइलमधली गाणी? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्या श्रोत्यांसाठी

नौपाड्यातली किंवा पाचपाखाडीतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि आजोबांच्या रेकॉर्डींचा गठ्ठा हॉलमध्ये येऊन पडतो. घरात लगेच दोन पक्ष होतात. एक म्हणतो प्लेअर घेऊ, दुसरा म्हणतो सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. दोघांचंही अर्धंच खरं आहे. जुन्या भारतीय संगीतात तबकडी चांगली की डिजिटल, या वादाला फारसा अर्थ नाही. मूळ मुद्रण कोणत्या काळातलं आहे आणि ते तुमच्या कानापर्यंत किती हातांतून आलंय, यावर सगळं ठरतं. म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी तो गठ्ठा सतरंजीवर पसरा.

गठ्ठा ओळखा

हाताला जड, कडक, काठावर टवके उडालेली १० इंची तबकडी म्हणजे लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू झालं, ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने गायिका गौहरजानचा आवाज घेतला त्या मोहिमेपासून. आणि लाखेच्या तबकड्या पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिल्या. त्या पडल्या की फुटतात. म्हणून गठ्ठा उचलताना खालून आधार द्या, आणि उचलल्यावर आडवा ठेवू नका.

किंचित वाकणारी १२ इंची तबकडी म्हणजे एलपी, प्लास्टिकची. तिचा वेग सहसा ३३⅓. मधल्या लेबलवरचा क्रमांक वाचायची सवय लावून घ्या. एचएमव्हीच्या तबकडीवर ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो. ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. क्रमांकाआधी ४५ एनएलपी दिसलं तर सावध व्हा. ती १२ इंची असूनही ४५ फेऱ्यांची असते. ३३ वर लावली की लताबाईंचा आवाज एखाद्या सुस्तावलेल्या पुरुषासारखा येतो आणि नवखा माणूस प्लेअर दुरुस्तीला नेतो. याच्या उलट ७ इंची ‘सुपर ७’ तबकडी ३३⅓ वर चालते. आकारावरून वेग ठरवू नये.

कशासाठी काय

लाखेच्या काळातलं संगीत, म्हणजे बालगंधर्वांची नाट्यपदं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या चिजा, १९५५ च्या आधीची चित्रपटगीतं, हे डिजिटल स्वरूपातच ऐकायला सुरुवात करा. लाखेची तबकडी नीट वाजवायला जाड सुई, योग्य वेग आणि वेगळं स्वरसंतुलन लागतं. जाणकाराने ते सांभाळून केलेली प्रत तुमच्या पहिल्या प्लेअरपेक्षा नक्कीच बरी वाजेल.

१९६० ते साधारण १९८५ मधल्या एलपी मात्र विकत घेऊन वाजवाव्यात अशा आहेत. शास्त्रीय संगीताचं त्या काळातलं मुद्रण एलपीसाठीच झालं होतं. चांगल्या अवस्थेतली मूळ तबकडी नंतरच्या खरवडून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीपेक्षा पुष्कळदा जिवंत वाटते.

कॅसेटच्या जमान्यातलं आणि त्यानंतरचं सगळं डिजिटलच. हल्ली जुन्या चित्रपटांच्या नव्या एलपी निघतात. त्यातल्या बऱ्याच डिजिटल प्रतीवरूनच कापलेल्या असतात. पाकीट सुंदर असतं, भेट द्यायला उत्तम. पण मूळ टेपवरून कापल्याचं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आवाजासाठी जास्त पैसे मोजू नका.

आकड्यांत पाहायचं तर सीडीच्या १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मावतं. चांगल्या एलपीत ते ६० ते ७० च्या घरात, लाखेच्या तबकडीत त्याहून बरंच कमी. यंत्र म्हणून डिजिटल पुढेच आहे. घोळ होतो तो प्रत बनवणाऱ्याच्या हातून.

डिजिटल प्रत पारखायची कशी

खर्च सर्वांत कमी इथेच आहे. मोबाइलला तारेचे इयरफोन लावा. इयरफोनचं भोक नसेल तर टाइप-सीला जोडायचा छोटा डॅक (डिजिटल संकेताचा आवाज करणारा जोड) घ्या. अ‍ॅपमधला इक्वलायझर, ‘बास बूस्ट’ आणि आवाज सारखा करणारी सेटिंग बंद करा. गुणवत्ता सर्वांत वरची निवडा. मग एकाच गाण्याच्या तीन-चार प्रती शोधून ओळीने ऐका.

आधी लांबी बघा. एक प्रत ३ मिनिटं १८ सेकंदांची आणि दुसरी ३ मिनिटं ९ सेकंदांची असेल, मधलं काही कापलेलंही नसेल, तर दुसरी जवळपास ५ टक्के वेगात आहे. पेटी घ्या आणि षड्ज जुळवून पाहा. वेग ६ टक्क्यांनी वाढला की पट्टी पुरती सरकते, काळी एकची गायिका पांढरी दोनमध्ये गाऊ लागते. कोणती पट्टी खरी, हे त्या कलाकाराच्या इतर मुद्रणांवरून ताडायचं. अगदी सुरुवातीच्या तबकड्या तर नेमक्या ७८ वर मुद्रितही झालेल्या नसत, त्यामुळे तिथे कानावरच भिस्त.

मग तानपुरा ऐका. गायक श्वास घेतो त्या क्षणी मागचा तानपुरा एकदम बुडतो आणि आवाज आला की परत वर येतो का? तसं होत असेल तर खरखर काढताना सूरही काढलाय. खरखर असलेली प्रत ठेवा, ही सोडून द्या. दहा मिनिटांत कान खरखरीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, पण गेलेला तानपुरा परत येत नाही.

शीर्षकात ‘झंकार’ असेल तर मूळ गाण्यावर नंतर ठोके चढवलेले आहेत; पुढे जा. मूळ मोनो गाणं एका कानात खर्ज आणि दुसऱ्या कानात तार असं पसरलं असेल तर तो नंतर केलेला नकली स्टिरिओ. आणि चित्रपटातल्या गाण्यात एखादा अंतरा जास्त ऐकू आला तर चकित होऊ नका. तबकडीवर जागाच सव्वातीन मिनिटांची. त्यासाठी गाणं आखूड केलं जायचं किंवा भाग १, भाग २ असं दोन बाजूंना वाटलं जायचं.

क्रमांक आणि तपशील ताडून पाहायला १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या नियतकालिकाचे अंक उपयोगी पडतात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात ते वाचायला मिळतात.

प्लेअर घेताना

सुटकेसच्या आकाराचे, आतच स्पीकर असलेले नवे प्लेअर देखणे असतात. त्यांत सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, विजेचा संकेत तयार करणारा भाग) असतं, सुईचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास जातो आणि तो कमी करायची सोयच नसते. बहुतेक जुन्या पेटीवजा प्लेअरचंही तेच. आजोबांचा तसा प्लेअर आठवण म्हणून ठेवा, पण त्यावर स्टिरिओ एलपी लावू नका.

तुम्हाला हवा तो प्लेअर असा: मागे फिरवता येणारं वजन, अँटीस्केटिंगचा (दांडीची आतल्या बाजूची ओढ थोपवणारा) खटका, बदलता येणारं कार्ट्रिज. लाखेच्या तबकड्याही असतील तर ७८ चा वेग हवाच, आणि तो सगळ्यांत नसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० मध्ये तिन्ही वेग मिळतात, एलपी६० मध्ये दोनच. नुसता वेग असून भागत नाही. एलपीची सुई टोकाला १ मिल (इंचाचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असते, ७८ ला ३ मिलच्या आसपासची लागते. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी जाऊन बसते, तिथली वर्षानुवर्षांची धूळ आणि झीज वाजवते आणि स्वतःही खराब होते.

परदेशातून कुणी प्लेअर आणून देत असेल तर मागची पट्टी वाचा. महावितरणची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. अमेरिकन यंत्र ११० ते १२० व्होल्टचं, जपानी १०० व्होल्टचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं तर जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. ६० हर्ट्‌झवर चालणारी जुनी सिंक्रोनस मोटर (हर्ट्‌झवरच जिचा वेग ठरतो) इथे सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल, म्हणजे ३३ चे २७-२८ होतील. डीसी मोटर असेल तर ही अडचण येत नाही.

शेवटी फोनो प्रीअँप, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र. आजच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच संकेत निघतो, शिवाय मुद्रणात दाबलेला खर्ज परत उचलावा लागतो. प्लेअरमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये ‘फोनो’ असेल तर वेगळा घेऊ नका. दोन्हीकडे असेल तर एकच चालू ठेवा, नाहीतर फाटका, घुमणारा आवाज येतो.

मांडणी आणि जुळवणी

जागा आधी ठरवा. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर रात्री जाणाऱ्या अवजड गाड्यांची थरथर तुम्हाला जाणवत नाही, सुईला जाणवते. जुन्या इमारतीत कुणी चाललं तरी लादी हलते. भिंतीत ठोकलेली फळी हा सर्वांत स्वस्त उपाय. स्पीकर त्या फळीवर ठेवू नका.

मग या क्रमाने जा. मोबाइलच्या लेव्हलने फिरती थाळी दोन्ही दिशांना सपाट करा. अँटीस्केटिंग शून्यावर आणा, सुईचं टोपण काढा, मागचं वजन फिरवत सुईची दांडी हवेत आडवी तरंगेल असं करा. वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि दोन्ही मिळून फिरवत कार्ट्रिजच्या कागदावर सांगितलेल्या दाबावर न्या. बऱ्याचदा तो २ ग्रॅम असतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सुईचा दाब मोजायचा वजनकाटा ऑनलाइन मिळतो, त्यावर एकदा पडताळा. दाब फार कमी ठेवला तर तबकडी वाचेल हा गैरसमज आहे. हलकी सुई चरात उसळते आणि भिंती ओरबाडते. अँटीस्केटिंग दाबाच्याच आकड्यावर ठेवा.

कार्ट्रिजच्या मागच्या चार तारा: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. वेग मोजायला अ‍ॅपची गरज नाही. थाळीच्या काठावर कागदाचा कपटा चिकटवा, तबकडी वाजत असताना १०० फेऱ्या मोजा. ३३⅓ ला बरोबर ३ मिनिटं लागली पाहिजेत. २ सेकंदांची चूक म्हणजे एक टक्का.

सतत घूं असा आवाज येत असेल तर प्लेअरची बारीक अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला लावली आहे का बघा. लावूनही जात नसेल तर भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत तिसरं भोक पुष्कळदा शोभेचं असतं.

आतल्या चराचं दुखणं

हा भाग शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी सावकाश वाचावा. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण काठावर सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर चर सरकतो आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच नादाला निम्म्याहून कमी जागा. म्हणून प्रत्येक बाजूचा शेवट जरा चरचरतो. पाश्चात्त्य गाण्यांच्या एलपीत शेवटी एखादं हळुवार गाणं ठेवून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे विलंबितापासून द्रुताकडे जायचं! वीस मिनिटांचा राग चढत चढत जिथे जोरकस ताना किंवा झाला येतो, नेमकी तिथेच सुई सर्वांत आतल्या चरात असते.

याला इलाज आहे. गोल टोकाऐवजी लंबवर्तुळाकार टोकाची सुई घ्या. कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरवर (थाळीवर ठेवायचा, सुईचा कोन जुळवणारा छापील नकाशा) जुळवा. त्याचे बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात. प्रोट्रॅक्टर छापताना प्रिंटरमध्ये ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि छापल्यावर पट्टीने मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला की सगळी मेहनत फुकट. एवढं करूनही चरचर राहिली तर आधीच्या मालकाच्या जड सुईने चर खाल्लाय. त्याला औषध नाही.

दुसरं दुखणं सुराच्या हेलकाव्याचं. मधलं भोक जरासं बाजूला पडलेलं असलं की दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेरीला, सूर वरखाली होतो. ठेक्याच्या गाण्यात ते लपतं. शहनाई, सारंगी किंवा लांबवलेल्या षड्जात लगेच उघडं पडतं. समोरून पाहा, सुई डावी-उजवीकडे झुलत असेल तर दोष तबकडीतच आहे. अशा वेळी त्याच मुद्रणाची डिजिटल प्रत निर्विवाद सरस.

धुणं

एलपीसाठी एक लिटर बॅटरीचं पाणी (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, आम्ल नव्हे; गॅरेजवाल्याकडे, पेट्रोलपंपावर मिळतं), १०० ते १५० मिलिलिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. नळाचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षारांचे ठिपके चरात राहतात. मऊ मायक्रोफायबर कापडाने चराच्या दिशेने गोल फिरवत पुसा, आडवं घासू नका. लेबल कोरडं ठेवा. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर मिश्रण दोन-तीन मिनिटं राहू द्या आणि तोंडाला मास्क लावा. मग नुसत्या बॅटरीच्या पाण्याने दुसऱ्यांदा पुसा आणि ताटाळ्यात उभी वाळत ठेवा, पंख्याखाली नको. वाळल्यावर जुन्या, कुबट वासाच्या आतल्या पिशवीत परत घालू नका.

लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावायचं नाही! लाख त्यात विरघळते. तिला बॅटरीचं पाणी आणि साबणाचा थेंब, तेही भिजत न ठेवता झटपट पुसून.

प्रत करून ठेवणं

लाखेच्या तबकड्या पुनःपुन्हा वाजवण्यापेक्षा एकदा नीट मुद्रित करा. प्रीअँपमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, तिथून संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात, म्हणजे एलपीची २० मिनिटांची बाजू ७०० एमबीच्या जवळ. फ्लॅकमध्ये जतन केली की नाद न गमावता जागा वाचते.

मूळ फाइल कधीही साफ करायची नाही. तिची प्रत काढा, त्यावर प्रयोग करा. टकटक काढणारं साधन हलक्या हाताने चालवा. खरखर कमी करताना ६ डेसिबलवर थांबा आणि पुन्हा तानपुरा ऐका. मोनो तबकडीचे डावे-उजवे भाग एकत्र केले की खरखर तिथेच बरीच घटते, म्हणून हे काम आधी. फाइलच्या नावात कलाकार, राग किंवा गाणं, लेबलवरचा क्रमांक आणि लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक लिहा. सहा महिन्यांनी ‘साइड वन फायनल’ म्हणजे काय ते आठवत नाही.

घरी ऐकायला प्रत करणं वेगळं आणि ती इंटरनेटवर चढवणं वेगळं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण चाल आणि शब्दांचे हक्क स्वतंत्र असतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर खाडीकाठी, मग ते कोपरी असो की ऐरोली-वाशी, पाकिटं दमट होतात आणि बुरशी धरतात. तबकड्या नेहमी उभ्या, फार घट्टही नाही, तिरक्याही नाहीत. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून अर्धा फूट लांब. पार्टिकल बोर्डचं कपाट फुगतं आणि खाली बसतं. पाकिटासकट १०० एलपी म्हणजे २० ते २५ किलो वजन, हे सुताराला आधीच सांगा. बंद गाडीत उन्हात एलपी ठेवली तर संध्याकाळी पापड हातात येईल.

आणखी हव्याच असतील तर

आधी आसपासचा रद्दीवाला आणि भंगारवाला गाठा. मग चोरबाजारातली मटण स्ट्रीट. ठाण्याहून धीमी लोकल किंवा वाशी-नेरुळहून हार्बरची गाडी, दोन्ही सँडहर्स्ट रोडला थांबतात, तिथून चालत. मोबाइलचा टॉर्च नेऊन तबकडी तिरपी धरा. नखाला न लागणारा बारीक ओरखडा बहुधा चालतो, लागणारा टकटक करतो. चर काळेभोर न दिसता राखाडी दिसत असतील तर ते जड सुईने झिजलेत, वर चकाकी असली तरी परत ठेवा. लाखेची तबकडी बोटावर तोलून टिचकी मारा. खणखणीत न वाजता बद्द वाजली तर कुठेतरी केसासारखी चीर आहे.

पितळी भोंग्याचे, चकचकीत नव्या पॉलिशचे ग्रामोफोन तिथे भरपूर दिसतील. त्यातले पुष्कळ दिवाणखान्यासाठी हल्ली जोडलेले असतात, ऐकायला नाहीत. खरा जुना घेतलात तरी त्यावर फक्त लाखेची तबकडी, आणि दर बाजूला नवी पोलादी सुई. एलपी त्यावर एकदा जरी लावली तरी संपली. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची नेहमीची दुकानं बंद असतात, तो वार टाळून जा.